बिनखुणेची मेंढरं

अव्वा,

काल आपल्या धाकटीच्या घरी गव्हाची गोड हुग्गी झाली. गल्लीतल्या बायका, तिच्या नवऱ्याचे भाऊबंद, पलीकडचे मास्तर, सगळे पोटभर जेवून गेले. धाकटीच्या नवऱ्यानं सकाळी उठून बिरप्पाला नारळ फोडला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की हिचा आजार गेला, हैदराबादच्या मोठ्या मशीनमध्ये काही म्हणता काही दिसलं नाही. नेमकी त्याच वेळी मी बीदरहून आलेल्या बसमधून हळ्ळीखेडला उतरत होते. स्टँडवरच्या पानटपरीवाल्यानं मला बघून लांबूनच हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, लई चांगलं झालं." मी मान हलवली. मी कशासाठी आले होते ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मशीनमध्ये काही दिसलं नाही हीच वाईट बातमी आहे, एवढं सांगायला मी रजा टाकून आले होते.

तुला हे सगळं मुळापासून सांगायला पाहिजे, कारण तू गेलीस तेव्हा यातलं आपल्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मी हैदराबादला एका दवाखान्यात काम करते. तुला वाटायचं तशी डॉक्टर नाही झाले, तंत्रज्ञ झाले. अप्पा असेपर्यंत गावात अभिमानानं सांगायचे, "आमची थोरली दवाखान्यात फोटो काढती," आणि लोक मला लग्नाचे फोटो काढशील का म्हणून विचारायचे. माझं काम असं की माणसाच्या शिरेत किरण सोडणारं थोडंसं औषध द्यायचं, ते अंगात जिथं जाऊन बसेल ती जागा मशीनला बाहेरून उजळलेली दिसते. नेहमीच्या तपासणीत साखर देतात. कॅन्सरची गाठ गोडाला हपापलेली असते, ती आधी साखर ओढून घेते आणि पकडली जाते. मागच्या महिन्यात धाकटीची ही तपासणी मीच केली. पाठीचा कणा, खुब्याचं हाड, छाती, जागोजाग दिवे लागल्यासारखं दिसत होतं. मी मशीनसमोर बसून होते आणि माझ्या शेजारचा माणूस मला चहा घेणार का विचारत होता. मी हो म्हणाले. चहा प्यायलेसुद्धा.

हो, तिलाही तेच झालं, जे तुला झालं होतं. आधी छातीत गाठ आली, कलबुर्गीला ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा कळलं की तिच्या कॅन्सरच्या पेशींवर एक खूण आहे. सगळ्यांच्या कॅन्सरवर ती नसते. ज्यांच्यावर असते त्यांच्यासाठी वेगळं औषध आहे. म्हणून आम्हाला, रडत का होईना, बरं वाटलं होतं. ते औषध लागूही पडलं. केस परत आले, ती शेतात जाऊ लागली, पोरीच्या दहावीच्या अभ्यासावरून आरडाओरडा करू लागली. मग पाठ दुखायला लागली. आधी ती म्हणाली ज्वारीची पोती उचलली म्हणून, मग म्हणाली थंडीनं. अव्वा, तूसुद्धा अशीच कारणं सांगायचीस. धाकटी आता तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मोठी झाली आहे, हे मला मधेच आठवतं आणि हातातलं काम थांबतं.

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आजार परत आलाय तर त्या खुणेवरच नेम धरणारं नवं औषध देऊ, पण आधी बघू खूण अजून आहे का. ही नवी तपासणी त्यासाठीच. अँटीबॉडी म्हणजे आपल्या रक्तात रोगाशी भांडायला असते तसलीच एक वस्तू, मुद्दाम तयार केलेली, एकच खूण ओळखणारी. आधी तिच्या पाठीवर किरण सोडणारा कण बांधून पाठवायचं, नुसतं बघायला, की ती कुठं कुठं जाऊन चिकटते. चिकटली तर मग तसल्याच अँटीबॉडीच्या पाठीवर जालीम औषध बांधून पाठवायचं. ते वाटेत फारसं सांडत नाही, थेट गाठीत जाऊन उतरतं. ज्याच्या अंगात जसं दिसेल तसं त्याला औषध. म्हणून या तपासणीत उजेड हवा असतो. बाहेर बाकावर नातेवाईक हात जोडून बसलेले असतात की काही दिसू नये, आणि आत काचेमागे आम्ही म्हणत असतो, दिसू दे. औरादकडची एक म्हातारी आमच्याकडे आली होती. तिच्या चित्रात सगळ्या गाठी लख्ख उजळल्या आणि तिच्या लेकानं भिंतीवर डोकं टेकलं. तिला ते औषध दिलं. पुढच्या वेळी आली तेव्हा गाठी विझत आल्या होत्या. तिनं मला अर्ध्या तेलुगूत अर्ध्या मराठीत आशीर्वाद दिला आणि पिशवीतून सीताफळं काढून टेबलावर ठेवली. माझ्या डोक्यात धाकटीचं असंच होणार होतं. सीताफळांसकट मी सगळं ठरवून ठेवलं होतं.

आता तो भाग, जो तुला ऐकायला आवडणार नाही. ही तपासणी काय आहे ते समजावून सांगायला मी तिच्या अंगणात बसले होते. धाकटी ज्वारी निवडत होती. तिचा नवरा समोर उकिडवा बसलेला, तोंड काळवंडलेलं. तो दुबलगुंडीचा, आपल्यासारखाच मेंढरांच्या घरातला, आता दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "अक्का, मागल्या म्हैन्यात फोटो काढला की. आता आनिक ह्ये कामून?" दवाखान्यातली भाषा त्याच्यापुढे चालेना, मग मी आपल्या घरातली काढली. म्हणाले, "पावणं, आजारी मेंढरावर आपण कावेचा पट्टा मारतो न्हवं? लाल दिसंल त्याला धरायचं आन् औषध पाजायचं. तसंच हे. आधी रंग पाठवायचा. रंग जिथं बसंल तिथंच मागून औषध जाणार. रंगच न्हाई बसला तर औषधाला बी वाट न्हाई." त्याचा चेहरा उजळला. "आत्ता कळालं," म्हणाला, "डॉक्टर लोक असं कामून सांगत न्हाईत?" मला मनातून बरं वाटलं. एवढं अवघड शास्त्र मी अंगणात बसून चार वाक्यांत सांगितलं म्हणून मी स्वतःवर खूश होऊन बसमध्ये बसले. धाकटी ज्वारी निवडत राहिली. मला वाटलं तिचं लक्षच नाही.

तो कावेचा पट्टा मला कुठून सुचला, ते तुला सांगायला नको. आपली मेंढरं खोकत होती तेव्हाचा दिवस. अप्पा बांबूच्या नळीनं एकेकाच्या तोंडात औषध ओतत होते, तू धरत होतीस, आणि मला वाघरीच्या, त्या जाळीच्या वाड्याच्या, तोंडाशी उभं केलं होतंस. लाल पट्ट्याचं आलं तर अडवायचं, बिनपट्ट्याचं आलं तर सोडायचं, एवढंच माझं काम. वरून बीदरच्या लष्करी तळावरची विमानं घरघरत जात होती आणि मेंढरं दचकून एकमेकांत घुसत होती. मी मोठ्या ऐटीत सोडत होते, जा, तू बरी, तू बी बरी. तू वर बघितलंस, हातातलं मेंढरू सोडलंस आणि तरातरा आलीस. माझा दंड धरलास तो अजून दुखतो. "खूण न्हाई म्हणजे बरं हाय, असं कुणी सांगितलं तुला?" म्हणालीस. "काल सरकन पाऊस पडून गेलाय. रंग उतरलाय त्यांचा. बिनखुणेचं सोडून दिलंस तर ते औषध न पिता जातंय आन् माळावर जाऊन मरतंय." मग मी सोडलेली सगळी तू परत वळवून आणलीस आणि एकेकीची खालची पापणी ओढून बघितलीस. पांढरी दिसली की आजारी. मला म्हणालीस, बघ, शिक. मी फुरंगटून बसले होते, मी काही शिकले नाही. पापणी बघून ओळखायला मी आजही शिकलेली नाही, त्यासाठी मला एवढं मोठं मशीन लागतं.

सुई द्यायच्या दिवशी खात्यातल्या बाकीच्यांनी सांगितलं, तुझी बहीण आहे, आम्ही देतो. मी ऐकलं नाही. शिशाच्या जाड आवरणातून इंजेक्शन काढलं, तिच्या शिरेत सोडलं आणि लगेच काचेमागं सरकले. आमच्याकडे नियम आहे, औषध दिल्यावर त्या माणसाजवळ उगाच थांबायचं नाही, कारण आता त्याच्या अंगातून किरण येतात आणि आम्हाला असली माणसं रोज हाताळायची असतात. धाकटीनं हात पुढे केला. लहानपणी जत्रेत करायची तसा, बोटं पसरून. मी काचेमागून म्हणाले, "आता न्हाई, बाई. लांबूनच." ती हसली आणि हात पदराखाली घेतला. म्हणाली, "व्हय, मी आता पेटलेली हाय." पुढचे काही दिवस तिला माझ्याच घरी वेगळ्या खोलीत ठेवलं, मी दारातून ताट सरकवत होते. ही अँटीबॉडी सावकाश फिरते, ती जागेवर बसायला थांबावं लागतं. तुला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा आम्हा पोरींना आत सोडत नव्हते, आठवतं? तू खिडकीतून हात हलवायचीस आणि मी धाकटीला खांद्यावर घेऊन खाली उभी असायचे. तेव्हा मी ठरवलं होतं की मोठी झाले की मला आत जायचंय, जिथं माणसांना ठेवतात तिथं. गेले की आत. आत जाऊनही दारातच उभी राहिले.

मग चित्र आलं. आधी मला वाटलं मशीनचं काही चुकलं. लिव्हर उजळलं होतं, ते सगळ्यांचंच उजळतं, कारण अँटीबॉडी अंगातून निघते तीच मुळी तिथून. बाकी सगळा अंधार. कणा काळा, खुबा काळा, छाती काळी. साखरेच्या तपासणीत जिथं जिथं दिवे होते तिथं तिथं काही नाही. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, असं होतं कधीकधी. आधीच्या औषधानं खूण असलेल्या पेशी मारल्या. ज्यांच्यावर खूण नव्हती त्या वाचल्या आणि त्याच वाढल्या. हे नवं औषध हिला देऊन उपयोग नाही. जुनं सरसकट जाळणारं औषध देऊ, त्यानं काही काळ रेटता येईल. मी विचारलं, किती काळ. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, "घरच्यांना तुम्ही सांगाल की मी सांगू?" मी म्हणाले, मी सांगते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला ऐकू द्यायचं नव्हतं.

पण माझ्या आधी चित्रच घरी पोचलं. धाकटीचा नवरा तिला न्यायला आला होता, त्याला काउंटरवर चित्रांचं पाकीट मिळालं. त्यानं तिथंच खिडकीच्या उजेडात मागचं आणि आताचं शेजारी धरलं. मागच्यात दिवेच दिवे, आताच्यात काही नाही. लिव्हरकडे बोट दाखवून त्यानं आमच्यातल्या एकाला विचारलं, "ह्ये काय दिसायलंय?" तो म्हणाला, "ते सगळ्यांचंच असतं, त्यात काही नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता. मी आत मॅडमपुढे होते, बाहेर आले तोवर दोघं बीदरच्या बसला लागले होते. दुसऱ्या दिवशी माझी रजा मंजूर झाली तोवर इकडे गहू कांडून झाले होते. काल मी पोचले तेव्हा तो अंगणात, तिथंच, जिथं मी त्याला समजावून सांगितलं होतं, चार माणसांना गोळा करून मोबाइलवर तो फोटो दाखवत होता. "आजारी मेंढरावर रंग टाकतो न्हवं आपण? तसाच रंग हिच्या अंगात सोडला. कुठंच बसला न्हाई. म्हणजे आजारी मेंढरू उरलंच न्हाई की वाड्यात." सगळे माना डोलवत होते. मेंढरांच्या घरातली माणसं ती, त्यांना लगेच पटलं. मला बघून तो धावत आला, माझ्या पायाला हात लावायला वाकला आणि म्हणाला, "अक्का, तुमीच सांगितलं म्हणून मला फोटो वाचता आला." मी त्याला धरून उठवलं आणि चपला काढायला वाकले. वाघरीच्या तोंडाशी उभी राहून मी पुन्हा सगळी मेंढरं सोडून दिली होती, आणि यावेळी माझा दंड धरायला तू नव्हतीस.

आत स्वयंपाकघरात धाकटी मोठ्या पातेल्यापुढे उभी होती. गॅस खाली फरशीवर घेतलेला, गहू शिजून मऊ झालेले, गूळ आत्ताच पडलेला, खोबरं आणि वेलदोड्याचा वास सगळ्या घरभर. तिच्या पोरीला तिनं केळीची पानं आणायला पाठवलं होतं. मी आत गेले आणि तिला मिठी मारली, घट्ट, बराच वेळ. ती मला थोपटत राहिली. मग माझ्या हातात पळी दिली. "हलवत ऱ्हा," म्हणाली, "मी जरा बसते." आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसली. बाहेर हसण्याचा आवाज येत होता.

"तू सांगायला आलीस न्हवं?" धाकटी म्हणाली.

"काय?"

"मला येडी समजू नको, अक्का. सुट्टी न्हाई, सण न्हाई, आन् तू आलीस. आन् आल्या आल्या धरलीस मला. परवा हात बी लावू देत न्हवतीस."

मी पातेल्यात बघत राहिले. ती म्हणाली, "रंग बसला न्हाई म्हणजे औषध बी बसत न्हाई. तूच सांगितलंस की अंगणात. ह्यांनी अर्धं ऐकलं, मी सगळं ऐकलं."

"मग पावण्यांला कामून सांगितलं न्हाईस?"

"बसमध्ये सांगणार हुते. पर ते फोटो मांडीवर घेऊन बसलते आन् शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवायलते. इत्क्या दिसांनी हसायलते. मी म्हणलं, एक दीस हसू दे. आज समदे जेवून जाऊ देत. उद्या तू सांग त्यांना, नीट सांग, मेंढराबिंढराचं काढू नको." आणि ती हसली, खरोखर हसली, मला चिडवायला. मला हसता आलं नाही. मी रडत होते आणि पळी फिरवत होते.

मग तिनं मला जे सांगितलं त्यासाठी मी आज हा कागद घेऊन बसले आहे. अव्वा, तुझी सगळी औषधं संपली तेव्हा आपल्या घरीही हुग्गी झाली होती. डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं होतं की आता औषध बंद, घरी न्या, आणि अप्पांनी त्याचा अर्थ बरी झाली असा केला. की तसा करून घेतला, ते मला कधीच कळलं नाही. तुझे केस गेलेले होते. गल्लीतल्या बायकांना तू सांगत होतीस की ह्या साली मेंढरांच्या आधी माझीच कातरणी झाली, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी शाळेतून आले तेव्हा पंगत बसली होती. तू वाढत होतीस, माझ्या पानात दोनदा तूप घातलंस. थोड्याच महिन्यांत तू गेलीस. आणि इतकी वर्षं मी हेच धरून चालले की तुला फसवलं. अप्पांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी. बिचारी माझी अव्वा, आपण बऱ्या झालो म्हणून स्वतःच्या हातानं हुग्गी करून वाढत होती, असं म्हणून मी किती वेळा रडले आहे. तुझ्या गाठीवर खूण होती की नव्हती हे कुणी बघितलंच नाही. असती तर कुठंतरी जगात तुझं औषध असतं का, हा हिशेब मी मशीनसमोर बसून रोज करते. तुला काहीच कळू दिलं नाही हेच माझं सगळ्यात मोठं दुःख होतं.

धाकटी म्हणाली, "त्या दिशी तू शाळेला गेलतीस. मी घरी हुते. अव्वानं मला चुलीपुढं पाटावर बसवलं आन् माझ्या हातात पळी दिली. म्हणली, खाली लागू देऊ नको, सारखं हलवत ऱ्हा, गूळ घातल्यावर तर थांबायचंच न्हाई. माझा हात दुखायला लागला, मी म्हणलं मला खेळायला जायाचंय, तर म्हणली, न्हाई, शिकून घे. अक्काला शाळेतून यायला उशीर व्हतो, अप्पाला कोण करून घालंल? मी इत्तीशी, अक्का. पातेल्यात डोकवाया उभं ऱ्हावं लागायचं मला. बरी झालेली बाई इत्तीशा पोरीला हुग्गी शिकवती का?"

मी विचारलं, "मला कामून सांगितलं न्हाईस कधी?"

"नको म्हणलती. अक्काची परीक्षा हाय, म्हणली, तिला सांगू नको."

मग मला आणखी एक आठवलं, जे मी आजवर कशालाच जोडलं नव्हतं. त्याच दिवसांत मी तुला कोनाड्यातल्या आरशापुढे उभं राहिलेलं पाहिलं होतं. बोटानं खालची पापणी ओढून तू स्वतःचा डोळा बघत होतीस. मी म्हणाले, काय गेलं डोळ्यात? तू म्हणालीस, कचरा. मी फुंकर मारायला आले आणि तू वाकून डोळा पुढे केलास. मी फुंकर मारली. गेला का, विचारलं. गेला म्हणालीस.

इतकी वर्षं मी तुझी कीव करत होते, अव्वा. माझी कीव करायला पाहिजे होती. घरात सगळ्यात शहाणी म्हणून जिला शाळेत घातलं, तिला एकटीलाच काही माहीत नव्हतं. आणि आता धाकटी. तिला सांगायला म्हणून मी बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती, कुठलं आधी, कुठलं नंतर. ती तिनं मला वापरूच दिली नाहीत. माझं मन फाटून गेलं आहे, पण तिच्यावर रागही येतो. रडायची तरी माझ्यापुढे. मी कशासाठी आहे मग?

आता दुपार झाली आहे. धाकटी माजघरात झोपली आहे, काल उभं राहून राहून तिची पाठ धरली. नवरा उरलेली हुग्गी डब्यात भरून दुबलगुंडीला त्याच्या बहिणीकडे गेलाय. आला की मी त्याला अंगणात बसवणार आहे आणि सांगणार आहे. कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. रंगाचं काढणार नाही. हे सगळं मी तिच्या पोरीच्या वहीतला कागद मागून घेऊन लिहिते आहे, तिला सांगितलं की दवाखान्याचं काम आहे. हा कागद कुठं टाकायचा हे मला ठाऊक नाही. घडी करून पिशवीत ठेवीन, आणि बहुतेक तिथंच राहील.

एक सांगायचं राहिलं. धाकटी बोलत होती तेव्हा माझा हात थांबला. कालची हुग्गी खाली लागली होती, अव्वा. करपल्याचा वास सगळ्यांना आला, पण कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी चांगली झालीय म्हणून खाल्ली, आणि धाकटीनं तो दोष स्वतःवर घेतला. पळी माझ्या हातात होती.